बालीची सहल आखताना आधी तिथले पंचांग, मग विमानाचे तिकीट

बालीला जायचे ठरले की घरात पहिली चर्चा हॉटेलची होते, दुसरी विमानभाड्याची, आणि तारखा मात्र मुलांच्या सुट्ट्या व कार्यालयातील रजा पाहून परस्पर ठरून जातात. केवळ समुद्रकिनाऱ्यावर चार दिवस घालवायचे असतील तर यात काही बिघडत नाही. परंतु मुस्लिमबहुल इंडोनेशियातील या एका बेटावर सुमारे ८७ टक्के लोक हिंदू आहेत, आणि तेथील देवळांचे, घरांचे, एवढेच नव्हे तर भातशेतीच्या पाण्याचेही वेळापत्रक सणावारांशी बांधलेले आहे. हे जीवन पाहण्याची इच्छा असेल तर आखणीचा क्रम बदलावा लागतो आणि सुरुवात तिथल्या पंचांगापासून करावी लागते.

दुसरी गोष्ट मनाच्या तयारीची आहे. गणपती, सरस्वती, राम, भीम, गायत्री मंत्र, तीर्थ, पद्मासन ही सारी नावे आपल्या ओळखीची असल्याने ‘हे तर आपलेच’ असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात नावे जुळतात आणि आचार पुष्कळदा जुळत नाहीत. आपले गैरसमज बहुधा या ओळखीपोटीच होतात, कारण जिथे परके वाटते तिथे माणूस विचारतो आणि जिथे घरचे वाटते तिथे गृहीत धरतो.

दोन पंचांगे आणि त्यांचे हिशेब

बालीत दोन पंचांगे एकाच वेळी चालतात. एक चांद्र-सौर असून ते शके मोजते, आणि हे शके आपल्या शालिवाहन शकाशी जुळते. दुसरे पंचांग ‘पावुकोन’ नावाचे आहे; ते तीस आठवड्यांचे, म्हणजे २१० दिवसांचे असून त्याचा चंद्राशी संबंध नाही. प्रवाशाला दोन्हींची जुजबी माहिती हवी, कारण मोठे सण या दोहोंत विभागलेले आहेत.

शकवर्षाचा पहिला दिवस म्हणजे ‘न्येपी’. तो नवव्या महिन्याच्या अमावास्येनंतर येतो. २०२६ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा दोन्ही १९ मार्चला आले आणि दोन्हीकडे शके १९४८ सुरू झाले. पण २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला झाली आणि पाडवा ९ एप्रिलला. अधिक महिन्यांचे हिशेब वेगळे असल्याने आपल्या दिनदर्शिकेवरून तिथली तारीख काढू नये. इंडोनेशियात न्येपीची राष्ट्रीय सुट्टी असते, त्यामुळे तेथील शासकीय सुट्ट्यांच्या यादीत ती तारीख सहज सापडते.

न्येपीच्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत संपूर्ण बेट थांबते. अग्नी व दिवे नाहीत, काम नाही, प्रवास नाही आणि करमणूक नाही, असे चार निर्बंध पाळले जातात. विमानतळ चोवीस तास बंद असतो, दुकाने व एटीएम उपयोगाची नसतात, मोबाइलवरील इंटरनेटही २०१८ पासून त्या दिवशी बंद ठेवले जाते, आणि ‘पेचालांग’ म्हणजे गावाचे पारंपरिक रक्षक रस्त्यांवर लक्ष ठेवतात. हे नियम पर्यटकांनाही लागू असतात. हॉटेलच्या आवारात राहता येते, पण बाहेर पडता येत नाही. रुग्णसेवा तेवढी चालू असते. ज्याला हे नको असेल त्याने हा दिवस सरळ टाळावा. ज्याला चालेल त्याने मात्र निदान दोन दिवस आधी पोहोचावे, कारण न्येपीच्या आदल्या संध्याकाळी ‘ओगोह-ओगोह’ नावाच्या राक्षसांच्या प्रचंड प्रतिमा खांद्यांवर घेऊन गावोगाव मिरवणुका निघतात, आणि त्याच्याही आधीच्या दिवसांत देवळांतील पवित्र वस्तू समुद्रावर नेण्याचा ‘मेलास्ती’ विधी होतो. न्येपीच्या दिवशीच्या जेवणाची सोय हॉटेलला आरक्षण करतानाच विचारून घ्यावी. शिवाय न्येपीच्या आसपासचे विमान निवडताना परतीचा दिवस किमान एका दिवसाच्या अंतराने ठेवावा, कारण विमानतळ उघडल्यावर तिथे साचलेली गर्दी असते.

गालुंगान आणि कुनिंगान हे सण २१० दिवसांच्या पंचांगाचे आहेत. गालुंगान नेहमी बुधवारी येते आणि त्यानंतर दहा दिवसांनी, शनिवारी, कुनिंगान. पितर व देव गालुंगानला घरी येतात आणि कुनिंगानला परत जातात अशी श्रद्धा आहे. २०२६ मध्ये गालुंगान १७ जूनला, तर २०२७ मध्ये १३ जानेवारी आणि ११ ऑगस्ट या दोन दिवशी येते. पुढच्या तारखा हव्या असतील तर २१० दिवस मिळवत जावे. आदल्या दिवशी प्रत्येक घरासमोर ‘पेन्जोर’ उभारला जातो. नारळाच्या कोवळ्या झावळ्या, भाताच्या लोंब्या व फळे बांधलेली ही उंच वेळूची काठी टोकाशी रस्त्यावर झुकलेली असते, आणि तिच्याकडे पाहून मराठी माणसाला गुढी आठवल्याशिवाय राहत नाही. पेन्जोर पुढे सुमारे महिनाभर जागेवर राहतात. म्हणून माझा सल्ला असा की, ऐन गालुंगानच्या दिवशी पोहोचण्याचा हट्ट धरू नये. त्या दोन-तीन दिवसांत चालक, वाटाडे आणि हॉटेलचे कर्मचारी आपापल्या गावी गेलेले असतात आणि गाडी मिळणे अवघड होते. गालुंगाननंतर तीन-चार दिवसांनी पोहोचले तर सजलेले रस्तेही दिसतात, कुनिंगानही सापडते आणि गाडीही मिळते. कुनिंगानची पूजा मात्र दुपारच्या आत उरकली जाते, त्यामुळे त्या दिवशी सकाळी लवकर बाहेर पडावे.

याच चक्रात सरस्वतीचा दिवस येतो. २०२६ साठी तो ४ एप्रिल आणि ३१ ऑक्टोबर असा आहे. त्या दिवशी ग्रंथांची पूजा होते आणि ते वाचायचे नसतात. दुसऱ्या दिवशी पहाटे लोक समुद्रावर किंवा झऱ्यांवर स्नानाला जातात. त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी ‘तुम्पेक लांदेप’ असतो, ज्यात शस्त्रांची, अवजारांची आणि आता मोटारींचीही पूजा होते. खंडेनवमीला ट्रॅक्टरला हार घालणाऱ्या वाचकाला याचे वेगळे स्पष्टीकरण नको.

यापैकी एकही तारीख जमली नाही तरी निराश होण्याचे कारण नाही. प्रत्येक देवळाचा ‘ओदालान’ म्हणजे स्थापनेचा उत्सव असतो, तो बहुतेक ठिकाणी दर २१० दिवसांनी येतो, आणि बेटावर देवळे हजारोंनी असल्याने कुठे ना कुठे तो चालूच असतो. मुक्कामाला पोहोचल्यावर हॉटेलमधील माणसाला किंवा चालकाला ‘आज जवळपास कुठे ओदालान आहे का’ एवढेच विचारावे. प्रसिद्ध देवळांची यादी पुरी करण्यापेक्षा एका लहानशा गावातील ओदालान पाहणे मला कितीतरी अधिक मोलाचे वाटते.

हवामानाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे दिवस, नोव्हेंबर ते मार्च पावसाचे. तापमान वर्षभर जवळपास सारखेच. जुलै-ऑगस्टमध्ये आणि वर्षअखेरीस परदेशी पर्यटकांची, तर ईदच्या सुट्टीत देशांतर्गत पर्यटकांची गर्दी असते. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने मला सर्वांत सोयीचे वाटतात.

कागदपत्रे आणि पैसे

भारतीय पारपत्रधारकांना बालीत उतरल्यावर व्हिसा मिळतो. शुल्क ५,००,००० रुपिया (इंडोनेशियाचे चलन), मुदत ३० दिवस, आणि ती आणखी ३० दिवसांसाठी एकदा वाढवता येते. हाच व्हिसा इंडोनेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधी काढला तर विमानतळावरील एक रांग वाचते. मात्र जादा पैसे घेणारी दिसायला तशीच खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत, तेव्हा पत्ता नीट तपासावा. पारपत्राची मुदत प्रवेशाच्या दिवशी किमान सहा महिने शिल्लक हवी आणि परतीचे तिकीट जवळ हवे. याशिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांत प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून १,५०,००० रुपिया वेगळा कर घेतो. तो ‘लव्ह बाली’ या प्रांताच्या अधिकृत व्यवस्थेतून आधी भरता येतो. प्रस्थानापूर्वी ‘ऑल इंडोनेशिया’ हे आगमनाचे ऑनलाइन घोषणापत्रही भरावे (सीमाशुल्काची माहिती आता त्यातच असते) आणि त्याचा क्यूआर कोड मोबाइलमध्ये जपून ठेवावा.

सिंगापूर, क्वालालंपूर किंवा बँकॉक मार्गे जाताना शक्यतो संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्यावा. दोन स्वतंत्र तिकिटे स्वस्त दिसतात, पण मधल्या विमानतळावर सामान बाहेर काढून पुन्हा द्यावे लागले तर त्या देशाच्या प्रवेशाचे नियम लागू होतात, आणि पहिले विमान चुकले तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही. बालीचे घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे आहे.

रुपियाच्या नोटांवर शून्ये पुष्कळ असल्याने दहा हजार आणि एक लाख यांत पहिल्या दिवशी हमखास गोंधळ होतो. दोन्ही नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यांत ठेवाव्यात. चलन अधिकृत बदली केंद्रात किंवा बँकेत बदलावे. फलकावर इतरांपेक्षा ठळकपणे जास्त भाव लिहिलेली गल्लीतील टपरी टाळावी, कारण तिथे नोटा मोजता मोजता हातचलाखीने कमी होतात. पैसे शेवटी आपण स्वतः मोजावेत आणि मोजल्यानंतर ते पुन्हा समोरच्याच्या हाती देऊ नयेत.

मुक्काम आणि मार्ग

नकाशावर बाली लहान दिसते, आणि त्यामुळेच बहुतेकांचे वेळापत्रक फसते. बेटावर रेल्वे नाही, दक्षिणेतील रस्ते अरुंद आहेत आणि वाहतूक संथ आहे. विमानतळापासून बेटाच्या मध्यभागातील उबुद गावापर्यंतच्या सुमारे ३५-४० किलोमीटरला दीड तास धरावा, संध्याकाळी त्याहून अधिक. सात-आठ दिवसांच्या सहलीत दोनच मुक्काम करावेत: पहिले चार-पाच दिवस उबुद किंवा पूर्वेकडील सिदेमेनसारख्या शांत खोऱ्यात, आणि उरलेले समुद्राकाठी. समुद्राकाठी सानूर हे वडीलधाऱ्यांसह आणि मुलांसह जाणाऱ्यांना मानवते. नुसा दुआ मोठ्या हॉटेलांचे आणि आखीवरेखीव आहे. कुटा, सेमिन्याक व चांगू येथे रात्रीची वर्दळ असते. पहिला मुक्काम समुद्राकाठी केला तर आळस चढतो आणि देवळे राहून जातात, म्हणून हा क्रम.

उबुदहून एक दिवस उत्तर दिशेला द्यावा. ताम्पाकसिरिंग येथील तीर्था एम्पुल हे दहाव्या शतकातील झऱ्याचे देऊळ आणि दरीतल्या खडकात कोरलेले गुनुंग कावी एकमेकांच्या जवळ आहेत. तीर्था एम्पुलला लोक ‘मेलुकात’ नावाचे शुद्धिस्नान करतात. पर्यटकांनाही ते करता येते, पण आधी देवापुढे नैवेद्य ठेवून आणि पाण्यासाठी मिळणारे वेगळे वस्त्र नेसून. काही धारा मृतांच्या विधींसाठी राखीव आहेत. त्या कोणत्या हे विचारून मगच पाण्यात उतरावे.

पूर्वेचा दिवस बेसाकीहसाठी. गुनुंग आगुंग या सर्वांत उंच ज्वालामुखीच्या उतारावरील हे बालीचे मातृमंदिर म्हणजे एक देऊळ नसून देवळांचा समूह आहे. १९६३ च्या उद्रेकात लाव्हा जवळून गेला आणि मंदिर वाचले, ही आठवण तिथे अजून ताजी आहे. न्येपीनंतरच्या पौर्णिमेला येथे मोठा उत्सव सुरू होतो आणि तो काही आठवडे चालतो. परतीच्या वाटेवर क्लुंगकुंग येथील कर्ता गोसा चुकवू नये. या जुन्या न्यायमंडपाच्या छतावर भीम आपले पिता पंडू आणि सावत्र आई माद्री यांना सोडवण्यासाठी यमलोकात जातो ती कथा आणि पापांच्या शिक्षा कामासान या पारंपरिक बाली चित्रशैलीत रंगवल्या आहेत. महाभारत माहीत असलेल्या माणसालाही ही कथा बहुधा नवी वाटते. लेम्पुयांग देवळाच्या दरवाजातील सुप्रसिद्ध छायाचित्रासाठी मात्र तासन्‌तास रांग असते, आणि त्यात दिसणारे तळ्यातील प्रतिबिंब मोबाइलखाली आरसा धरून तयार केलेले असते. हे ठाऊक असूनही थांबायचे असेल तर थांबावे.

पश्चिमेला तामान आयुन हे देऊळ, जातिलुविहची भातखाचरे आणि बेदुगुलच्या सरोवरातील उलुन दानू बेरातान हे देऊळ असा एक दिवस होतो. वर हवा गार असते, एक स्वेटर ठेवावा. ही खाचरे निव्वळ देखावा म्हणून पाहू नयेत. पाणीवाटप करणाऱ्या ‘सुबाक’ या शेतकऱ्यांच्या संस्था जलमंदिरांशी जोडलेल्या आहेत आणि या व्यवस्थेला २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दक्षिण टोकाच्या उलुवातू देवळाजवळ सूर्यास्ताच्या वेळी ‘केचाक’ नृत्यातून रामकथा सादर होते. आजच्या स्वरूपातील केचाक १९३० च्या दशकात घडले आहे, ते प्राचीन समजू नये. तरी पाहण्यासारखे निश्चित आहे. तेथील माकडे चष्मा आणि मोबाइल हिसकावतात. ताना लोत या समुद्रातील खडकावरच्या देवळाला जाण्यापूर्वी ओहोटीची वेळ पाहावी, कारण खडकापर्यंत चालत जाणे ओहोटीलाच शक्य असते.

देवळातील वागणूक

बालीचे देऊळ उघड्या अंगणांचे असते. साधारणपणे तीन अंगणे, आणि त्यातले सर्वांत आतले ‘जेरोआन’ पूजेसाठी राखीव असते. आत नेहमी दर्शन देणारी मूर्ती असेल अशी अपेक्षा धरून जाणारा माणूस गोंधळतो, कारण एरवी दिसतात ती पद्मासने, म्हणजे देवासाठीची रिकामी दगडी आसने, आणि बंद देव्हारे. देवता उत्सवाच्या वेळी येऊन आसनस्थ होतात अशी तेथील धारणा आहे. ओदालानचा आग्रह मी वर धरला तो याच कारणाने: तेच अंगण उत्सवात पूर्णपणे वेगळे दिसते.

स्त्री-पुरुष दोघांनीही कमरेला ‘कामेन’ नावाचे वस्त्र आणि त्यावर ‘सेलेंदांग’ हा पट्टा बांधावा. मोठ्या देवळांत ते मिळते, पण बाजारातून स्वतःचे घेतलेले बरे. ओदालानला जायचे असेल तर पुरुषांनी ‘उदेंग’ हे शिरोवस्त्रही बांधावे आणि खांदे झाकलेले असावेत. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांनी, वाहती जखम असलेल्यांनी आणि सुतकातील माणसांनी देवळात जाऊ नये असा तेथील नियम आहे. त्यावर आपले मत काहीही असो, पाहुण्याने तिथे वाद घालू नये. पुजाऱ्यापेक्षा उंच जागी उभे राहू नये, पूजेला बसलेल्यांच्या समोरून जाऊ नये, फ्लॅश वापरू नये. प्रांताच्या राज्यपालांनी २०२५ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार देवळांच्या पवित्र भागात पूजेखेरीज प्रवेश करण्यास पर्यटकांना मनाई आहे.

ज्याला खरोखर पूजा करायची आहे त्याने ‘पेमांगकू’ म्हणजे पुजाऱ्याची परवानगी घ्यावी. ‘मी भारतातून आलेला हिंदू आहे आणि मला प्रार्थना करायची आहे’ असे नम्रपणे सांगितल्यास पुष्कळ ठिकाणी जागा करून दिली जाते, मात्र तो आपला हक्क नव्हे. सर्वांसोबत खाली बसावे, उदबत्ती लावावी, शेजारचे करतील तसे कधी रिकाम्या हातांनी तर कधी बोटांत फूल धरून पाच वेळा हात जोडावेत. नंतर तीर्थ शिंपडले जाते, ओंजळीत दिलेले प्यायचे असते, आणि भिजवलेले तांदूळ कपाळावर लावायचे असतात. आपल्या पद्धतीने घंटा शोधणे, प्रदक्षिणा सुरू करणे किंवा मोठ्याने आरती म्हणणे टाळावे.

रस्त्यावर, दुकानांच्या पायरीवर, गाडीच्या आत झावळीच्या लहान द्रोणांत फुले ठेवलेली दिसतील. तो ‘चनांग सारी’ हा रोजचा नैवेद्य असतो. त्यावर पाय पडू देऊ नये. अभिवादनासाठी ‘ओम स्वस्तिअस्तु’ म्हणावे आणि आभारासाठी ‘सुक्स्मा’. चालकाला ‘ब्ली’, म्हणजे दादा, अशी हाक मारलेली चालते.

खाणे, फिरणे, प्रकृती

शाकाहारी माणसाने येथे विशेष सावध राहावे. बालीतील हिंदू डुकराचे मांस आवडीने खातात, सणाच्या आदल्या दिवशी घरोघर डुकरे कापली जातात आणि काही विधींत पशुबळीही असतो. तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), तोफू आणि भाज्यांचे पदार्थ भरपूर मिळतात, परंतु वाटणात ‘तेरासी’ म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी असू शकते आणि वरून अंडे येते. म्हणून नुसते शाकाहारी म्हणून न थांबता मांस, कोंबडी, मासे, अंडी आणि तेरासी यांपैकी काय चालत नाही ते नावानिशी सांगावे. उबुदमध्ये पूर्ण शाकाहारी उपाहारगृहे बरीच आहेत. नळाचे पाणी पिऊ नये. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बालीत २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा एक कापडी पिशवी आणि पाण्याची बाटली घरूनच न्यावी.

दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवणे कुटुंबाला सर्वांत सोयीचे. दर, तास आणि इंधनाचा खर्च आदल्या दिवशी लेखी संदेशाने ठरवून घ्यावा. ग्रॅब आणि गोजेक या मोबाइलवरून गाडी बोलावण्याच्या सेवा चालतात, पण काही गावांत स्थानिक चालकांच्या विरोधामुळे त्यांना प्रवासी उचलता येत नाहीत. भाड्याची स्कूटर घ्यायची तर दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आणि हेल्मेट हवेच. परवाना नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. विमा घेताना ज्वालामुखीमुळे रद्द होणाऱ्या विमानांचा उल्लेख त्यात आहे का ते वाचावे. २०१७ मध्ये आगुंगमुळे, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये दूरच्या फ्लोरेस बेटावरील लेवोतोबीमुळे बालीची उड्डाणे रद्द झाली होती.

बालीत रेबीज आहे. कुत्रा किंवा माकड चावले, नुसते ओरखडले तरी जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी रुग्णालयात जावे. डासांसाठी मलम न्यावे, कारण डेंग्यू वर्षभर असतो. समुद्रात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरावे. दक्षिणेकडील किनाऱ्यांवर आत ओढणारे प्रवाह असतात. नुसा पेनिदा बेटाची बोटफेरी करायची असेल तर ती परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नये, समुद्र खवळला की बोटी थांबतात. तो दिवस सानूरच्या मुक्कामाच्या सुरुवातीला घ्यावा आणि शेवटचा दिवस मोकळा ठेवून दुपारच्या विमानासाठीही सकाळीच निघावे, कारण त्या वाटेवर एखादी मिरवणूक आडवी आली तर गाड्या ती पुढे जाईपर्यंत उभ्या राहतात आणि तिथे हॉर्न वाजवण्याची पद्धत नाही.